पाय गेल्यावर खेळणं: दादाला मैदानावर पाठवू का? (गुडघ्याखालचा, ३ वर्षं झाली)

कृष्णाकाठची_पोर

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसतं वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ३८. तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा उजवा पाय आला आणि गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकीचा काढावा लागला. नकली पाय बसवलाय, चालतो, मोटरसायकलवर मागे बसून बाजाराला पण जातो. पण घरातल्या सगळ्यांनी त्याला इतकं जपलंय की आता तो ओट्यावरच्या खुर्चीतून उठतच नाही. वजन ६८ होतं ते ८२ झालंय, तीन महिन्यांची शुगर ६.१ आलीय, कंबर रोज दुखते, आणि चांगल्या पायाचा गुडघापण आता कुरकुर करायला लागलाय. गावातले डॉक्टर म्हणाले जपून राहा, पायावर ताण देऊ नका, आणि आईने ते असं मनावर घेतलंय की पाण्याचा तांब्यासुद्धा त्याच्या हातात नेऊन देते.

हाच माणूस आधी गावच्या कबड्डी टीममध्ये चढाईला जायचा आणि उन्हाळ्यात कृष्णा आरपार पोहायचा. आता मुलं मैदानावर जाताना दिसली की तोंड फिरवून आत जातो. वहिनी माझ्याजवळ रडली म्हणून हा धागा काढला.

आम्ही वाळवा तालुक्यातले, म्हणजे पेठ आमच्या शेजारचं. तिथल्या मुरलीकांत पेटकरांचं, पॅरालिम्पिकमध्ये म्हणजे दिव्यांगांच्या ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं सोनं देणाऱ्यांचं, नाव लहानपणापासून ऐकलंय. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं तेव्हा आमच्याकडे पण पेढे वाटले. पण मला मेडल नको आहे हो, मला फक्त त्याची तब्येत परत हवीय. खेळण्याने खरंच फायदा होतो का, की उरलेल्या पायाला इजा होईल? सुरुवात कुठून करायची?

फिजिओ_पुणे

ताई, तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आहे. वजन, शुगर, कंबर, दुसरा गुडघा, या चारही गोष्टी पाय गेल्यामुळे कमी आणि पाय गेल्यावर बसून राहिल्यामुळे जास्त झाल्यात. मी बारा वर्षं असेच पेशंट बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वजन. काट्यावर ८२ दिसतं ते नकली पाय काढून की घालून? काढून असेल तर लक्षात घ्या की काटा कमी दाखवतोय. गुडघ्याखालचा पाय आणि पाऊल मिळून शरीराच्या साधारण ६ टक्के वजन असतं, अख्खा पाय मांडीतून गेला तर १६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे उंचीच्या हिशोबाने बघायचं तर दादाचं वजन ८६-८७ धरायला पाहिजे. वीतभर ठेवलाय म्हणून थोडं कमी धरा, पण ८२ नाही. हे बऱ्याच ठिकाणी मोजतच नाहीत आणि पेशंट स्वतःला बरा समजून बसतो.

दुसरं, दम. नकली पायाने त्याच वेगात चालायचं तर गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला अंदाजे २५ ते ४० टक्के जास्त शक्ती लागते, गुडघ्याच्या वर गेलेल्याला ६० ते ७० टक्के. आता असं समजा की अपघाताच्या आधी दादाच्या अंगात १०० ची ताकद होती आणि चालायला ४० लागायचे. आता चालायला ५०-५५ लागतात, आणि बसून बसून ताकद १०० वरून ७० वर आलीय. म्हणजे दुकानापर्यंत जायचं तर सत्तरातले पंचावन्न खर्च. मग त्याला चालावंसं कसं वाटेल? घरचे म्हणतात आळशी झालाय. आळस नाही तो, त्याला खरंच दम लागतोय. खेळाचं मुख्य काम हेच, ती ७० परत १०० कडे न्यायची, मग तेच चालणं हलकं वाटायला लागतं.

तिसरं हृदय. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या अमेरिकन सैनिकांचा पुढे तीसेक वर्षं पाठपुरावा केला होता, त्यात गुडघ्यावरून पाय गेलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसले. म्हणजे अपघातातून वाचलेला तरुण धडधाकट माणूस पुढे हृदयाने जातो. तुमचा दादा गुडघ्याखालचा आहे, त्याला धोका तेवढा नाही, पण वजन आणि शुगर अशीच वाढली तर तो स्वतःच्या हाताने त्याच रस्त्याला लागेल.

चौथं कंबर आणि चांगला गुडघा. नकली पायावर विश्वास नसला की माणूस सगळा भार चांगल्या पायावर टाकतो, तो गुडघा लवकर झिजतो, आणि ज्या बाजूवर भार पडतच नाही तिकडचं मांडीचं आणि खुब्याचं हाड ठिसूळ होत जातं. भार दिला तरच हाड टिकतं. खुर्चीत बसून खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात, मग उभं राहताना कंबर पुढे ओढली जाते, ती दुखणारच. रोज दोनदा १५-२० मिनिटं पालथं झोपायला सांगा, स्टंपखाली, म्हणजे कापून उरलेल्या पायाखाली, उशी घ्यायची नाही. हे आजपासून सुरू करा, याला कुठलं मैदान लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी पण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. सगळ्यांना तोच आकडा आहे. पाय गेला म्हणून तो कमी केलेला नाही.

वर्धाकाठ

ताई, माझाही डावा पाय गुडघ्याखाली नाही, ९ वर्षं झाली. एक विनंती करतो. दादाला मेडलवाल्यांचे व्हिडिओ दाखवू नका, निदान सुरुवातीला तरी. माझ्या पाहुण्यांनी मला दीड वर्ष हेच केलं. बघ तो एका पायाने भाला फेकतो, बघ ती एका पायाने एव्हरेस्ट चढली, तू साधा अंगणात पण येत नाहीस. प्रत्येक व्हिडिओनंतर मी अजून आत जायचो. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण घरात बसलेल्या माणसाला तो उपदेश वाटतो.

मला बाहेर काढलं ते एका मित्राने. काही बोलला नाही, संध्याकाळी कॅरम घेऊन घरी यायचा, मग एक दिवस म्हणाला चल बे नाक्यापर्यंत, चहा पिऊन येऊ. ४०० मीटर. महिनाभराने २ किलोमीटर झालं होतं.

जास्वंद

वर्धाकाठ यांच्याशी अर्धी सहमत. मला उलट अनुभव आला.

मी डोंबिवलीची, लोकल अपघातात पाय मांडीतून गेला, तेव्हा २४ वर्षांची होते. मला मानसी जोशीचं बघून धीर आला, कारण तिचाही पाय २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबईतच अपघातात गेला, तीही इंजिनियर, तीही नोकरी करणारी. २०१९ ला ती बासेलला बॅडमिंटनची वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा मला सोन्याचं काही वाटलं नाही, मला तिचा शॉर्ट्समधला उघडा नकली पाय दिसला. मी तोपर्यंत ४० डिग्रीतपण पायघोळ सलवार घालायचे. त्या आठवड्यात पहिल्यांदा गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि शॉर्ट घालून सोसायटीत खाली उतरले.

मी बॅडमिंटन खेळते, आठवड्यातून तीन वेळा, अर्ध्या कोर्टावर. एसएल थ्री, म्हणजे पायात दोष असून उभ्याने खेळणाऱ्यांच्या गटाचं सिंगल्स अर्ध्याच कोर्टावर असतं, त्यामुळे आम्ही पण तसंच खेळतो, समोर दोन पायांची मैत्रीण असली तरी. तब्येतीचं विचाराल तर तोल सगळ्यात जास्त सुधारला. आधी लोकलच्या पुलावर कोणी धक्का दिला की मी रेलिंग पकडून उभी राहायचे, आता सावरते. झोप लागते. आणि फँटम पेन, म्हणजे नसलेल्या पायाची बोटं मुरगळल्यासारखी दुखतात ती, खेळलेल्या दिवशी रात्री कमी असते. पूर्ण गेली असं नाही सांगणार, पण आधी गोळी घेऊनही जागी असायचे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. पहिले सहा महिने मी खूप पडले. पडायचं कसं हे फिजिओकडून शिकून घ्या, ते पण एक शिक्षण आहे. पडण्याची भीती गेली की निम्मी लढाई संपते.

सॉकेटवाला

मी पाय बनवणारा आहे, म्हणजे प्रोस्थेटिस्ट. वरचं सगळं बरोबर, पण ताई, मला आधी एकच सांगा, दादाचं सॉकेट, म्हणजे नकली पायाचा स्टंप आत बसतो तो साचा, कधी बनवलंय?

कृष्णाकाठची_पोर

एवढे सविस्तर प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. सॉकेट पहिल्यांदा बसवलं तेच आहे, अडीच वर्षं होऊन गेली. तो म्हणतो चालताना आत खाली-वर होतं, दोन मोजे घालतो. संध्याकाळी स्टंपच्या टोकाला लाल झालेलं असतं. आम्हाला वाटलं असंच असतं.

सॉकेटवाला

असंच नसतं. हे वाचून वाईट वाटलं, कारण असे किती लोक घरी बसलेत की ज्यांना वाटतं आपल्याला चालणं जमत नाही, आणि खरं कारण फक्त ढिलं सॉकेट असतं.

पहिल्या वर्षभरात स्टंप बराच आटतो, सूज उतरते, स्नायू बारीक होतात, त्यामुळे पहिलं सॉकेट बदलावंच लागतं. ढिल्या सॉकेटमध्ये स्टंप खाली उतरतो आणि टोकावर दाब येतो. गुडघ्याखालच्या पायात वजन टोकावर घ्यायचंच नसतं, ते वाटीखालच्या शिरेवर आणि पोटरीच्या बाजूंवर विभागून घ्यायचं असतं. पाय काढल्यावर लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली पाहिजे. त्यापुढे राहिली तर कुठेतरी जास्त दाब पडतोय. खेळायचा विचार नंतर, आधी जवळच्या लिंब सेंटरला, म्हणजे नकली हातपाय बनवणाऱ्या केंद्रात, नेऊन नवीन माप घ्या. पुण्यात वानवडीला आर्मीचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचं, मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. शिवाय शिबिरं भरतात त्यातही चांगलं काम होतं, फक्त शिबिरात बसवलेला पाय महिन्याभराने परत दाखवायला जायचं हे लोक विसरतात.

आता कुठला पाय यावर येतो कारण पुढे हा प्रश्न येणारच. लोक विचारतात ब्लेड घेऊ का. ब्लेड कार्बन फायबरचं असतं, त्याला टाच नसते, त्यावर नीट उभंसुद्धा राहता येत नाही, ते फक्त पळायला, आणि किंमत लाखांत. सुरुवातीला त्याची काहीच गरज नाही. जयपूर फूट १९६८ साली रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरांनी आणि डॉ. सेठींनी मिळून केलं ते आपल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवूनच, अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं. त्यावर चालणं, सायकल, साधा व्यायाम सगळं होतं. सायकलला एक काळजी, नकली पाय पेडलला पट्ट्याने बांधू नका, पडायची वेळ आली तर पाय सुटला पाहिजे.

घामाचं पण सांगतो. सॉकेटमध्ये घाम साठतो, लायनर (स्टंपवर सॉकेटच्या आत घालायचं मऊ आवरण) सटकायला लागतो, कातडी सोलते. खेळताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाय काढायचा, स्टंप आणि लायनर कोरड्या फडक्याने पुसायचे आणि परत घालायचा. चारचौघांत पाय काढायची लाज वाटते म्हणून लोक हे टाळतात आणि मग जखम होऊन तीन आठवडे घरी बसतात.

फिजिओ_पुणे

सॉकेटवाला यांना +१. त्यात भर, ज्यांचा हात किंवा पाय नाही त्यांच्या अंगाची कातडीच कमी असते, म्हणजे घामाने अंग थंड करायची जागा कमी, वर सॉकेट आणि लायनर. त्यामुळे उन्हात ही माणसं लवकर तापतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत नाहीतर संध्याकाळीच.

नीरेकाठचे_काका

मी ६१ वर्षांचा. माझा पाय अपघाताने नाही, शुगरने गेला. अंगठ्याला चप्पल चावली, बधिर असल्यामुळे कळलं नाही, मग काळं पडलं, आणि दोन महिन्यांत गुडघ्याखाली कापायची वेळ आली. वरचं सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण माझ्यासारख्यांसाठी वेगळं सांगणं गरजेचं आहे म्हणून टंकतोय, वेळ लागतो तेव्हा चुका असतील.

शुगरवाल्याने खेळ सुरू करण्याआधी हृदय तपासून घ्यावं. ज्या आजाराने पायाच्या नळ्या बुजल्या तोच हृदयाच्या नळ्यांत पण असतो. मला स्ट्रेस टेस्ट पायांवर करता येईना तर औषधाने केली, त्यात एक ब्लॉकेज सापडलं. ते सापडलं म्हणून आज लिहितोय.

आणि आता माझी सगळी भीती उरलेल्या पायाची आहे. रात्री झोपताना आरसा जमिनीवर ठेवून तळवा बघतो, बोटांच्या बेचक्यात बघतो. बाई रोज विचारते बघितला का. व्यायाम करतो तो बसून, खुर्चीत बसून हातात एक-एक किलोच्या पाण्याच्या बाटल्या, रबरी पट्टा, आणि हाताने फिरवायची सायकल, तिला हॅण्ड एर्गोमीटर म्हणतात, पंधरा मिनिटांवरून पस्तीस मिनिटांवर आलोय. शनिवारी आमच्या बागेत आम्ही तिघं-चौघं खुर्चीत बसून रिंग फेकतो, कोण जास्त खुंट्यांत घालतो बघतो. डॉक्टरांनी इन्सुलिन थोडं कमी केलं. कृष्णाकाठच्या ताई, तुमच्या दादाची ६.१ म्हणजे उंबरठ्यावर आहे, आत्ताच हलवा त्याला. माझ्या रस्त्याने येऊ देऊ नका.

लेकाची_आई

काकांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. काळजी घ्या काका.

माझ्या मुलाबद्दल लिहू का, इथे हाताचं कोणी लिहिलं नाही म्हणून. तो ११ वर्षांचा, गच्चीवर पतंग काढताना विजेच्या तारेला लागला आणि उजवा हात कोपराखाली गेला. शाळेत पीटीच्या तासाला सर त्याला बाजूला बसवायचे, चपला सांभाळ म्हणायचे. दोन वर्षं तो चपला सांभाळत बसला आणि मला सांगितलं पण नाही. मला कळलं तेव्हा जाऊन भांडले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात खेळात सहभागाचं वेगळं कलम आहे, ३० नंबरचं, त्याची प्रिंट घेऊन गेले होते.

मग कोणीतरी सुयश जाधवबद्दल सांगितलं, सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचा, लहानपणी विजेच्या धक्क्यानेच दोन्ही हात गेले, आणि पुढे रिओ आणि टोकियो दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये पोहला, अर्जुन पुरस्कार मिळाला. मी लेकाला पोहायला घातला. सांगायचं ते हे, हात नसला की पण शरीर वाकडं होतं. एक बाजू हलकी, तो खांदा वर, मान एकीकडे, पाठीचा कणा बाकदार व्हायला लागला होता. आणि चांगल्या हातावर सगळं काम, मनगट दुखायचं. पोहायला लागून दीड वर्ष झालं, डॉक्टर म्हणाले पाठ पुष्कळ सरळ आहे. मुलांमध्ये स्टंपचं हाड वाढून कातडीला टोचतं, त्यामुळे दर काही महिन्यांनी दाखवायला लागतं, हे पण लक्षात ठेवा कोणाचं मूल असेल तर.

आता पीटीला तो लंगडीत सगळ्यांना आउट करतो.

माजी_जवान_फलटण

जय हिंद. खडकीला नोकरी झाली म्हणून चार शब्द.

खडकीच्या बीईजीमध्ये, म्हणजे बॉम्बे इंजिनियर ग्रुपमध्ये, आर्मीचं पॅरालिम्पिक नोड आहे, दिव्यांग जवानांचं खेळाचं सराव केंद्र. तिथे सराव करणारे होकाटो सेमा, नागालँडचे, २००२ मध्ये एलओसीवर सुरुंगावर पाय पडून डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्यांनी गोळाफेक सुरू केली २०१६ मध्ये, वय ३२. मध्ये चौदा वर्षं गेली होती बघा. २०२४ ला चाळीस वर्षांचे असताना पॅरिसला १४.६५ मीटर टाकून कांस्य घेतलं. बसून टाकतात, स्टूल जमिनीला घट्ट बांधलेलं असतं. वर्धाकाठ भाऊंचं पटतं मला, व्हिडिओ दाखवून कोणी उठत नाही. पण दादाला एवढं नक्की सांगा की तीन वर्षं म्हणजे उशीर नाही.

पेटकर साहेबांचं नाव निघालं म्हणून, त्यांचा पाय कापलेला नव्हता, ६५ च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखालचा भाग लुळा पडला होता. ते आधी बॉक्सर. पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर ३७.३३ सेकंदांत, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सोनं.

खेळ सुचवतो, सिटिंग व्हॉलीबॉल. बसून खेळायचं. कोर्ट १० बाय ६ मीटर, नेट पुरुषांना १.१५ मीटर उंच, म्हणजे उभ्या माणसाच्या साधारण छातीएवढं. पाय काढून बाजूला ठेवायचा, हाताने सरकत सरकत जागा घ्यायची, बॉल मारताना बूड उचलायचं नाही. सॉकेटमधला घाम, सॉकेटची जखम, काही भानगडच नाही. गावात समाजमंदिराच्या फरशीवर दोरी बांधली तरी झालं. आणि दोन पायांचे लोक पण खाली बसून खेळू शकतात, गंमत म्हणजे त्यांनाच जास्त दम लागतो कारण त्यांना पाय आडवे येतात. खांदे, पोट, पाठ, सगळं निघतं कामाला. कबड्डीवाल्याला आवडेलच, खाली वाकून झेप घ्यायची सवय असते त्यांना.

कृष्णाकाठची_पोर

एक विचारू, पोहण्याबद्दल. दादाला पाण्याचं नाव काढलं की डोळ्यांत काहीतरी हलतं. पण नदीला पाठवायला आईची छाती होत नाही, आणि माझी पण.

फिजिओ_पुणे

नदीला नकोच, आई बरोबर आहेत. एक पाय नसला की पाण्यात शरीर एका बाजूला गोल फिरतं, जुनी सवय असलेला पोहणाराच जास्त फसतो कारण अंगाला दोन पायांची आठवण असते. तालुक्याच्या तरणतलावावर, छातीएवढ्या पाण्यात, कोणीतरी सोबत असताना. आधी पाठीवर तरंगायला, मग उरलेल्या पायाची लाथ शरीराच्या मधोमध मारायला शिकायचं. जखम किंवा सोललेलं असेल तर उतरायचं नाही. काठावर सगळ्यात जास्त धोका, ओल्या फरशीवर लंगडी घालत जायचं नाही, कुबडीची रबरं नवीन घाला नाहीतर काठाला प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवा. बाहेर आल्यावर स्टंप थोडा सुजलेला असू शकतो, पाय लगेच बसला नाही तर दाबून घालू नका, पट्टी बांधून अर्धा तास बसा.

गुडघा दुखणाऱ्याला पाण्यासारखं दुसरं काही नाही.

वर्धाकाठ

आणि ताई, विचारताना दादालाच विचारा. आपण इथे त्याच्याबद्दल एवढं बोलतोय आणि तो ओट्यावर बसलाय.

कृष्णाकाठची_पोर

(पाच आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा, सांगण्यासारखं झाल्यावरच लिहीन असं ठरवलं होतं.

वर्धाकाठ दादा, तुमचं शेवटचं वाक्य लागलं मला. त्याच रात्री अख्खा धागा मोबाईलवर त्याच्या हातात दिला आणि मी आत निघून गेले. दोन तास वाचत बसला होता. सकाळी फक्त एवढंच म्हणाला, सॉकेट बदलायला कधी जायचं.

नवीन सॉकेट बसलं. तिथल्या ताईंनी पहिल्याच पावलाला विचारलं काय वाटतंय, तर म्हणाला जमीन लागतीय. अडीच वर्षांत पहिल्यांदा. पालथं झोपणं रोज चालू आहे, कंबर बरीच बरी. आधी घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालायचा, आता मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतो, दीड किलोमीटर होतं. आई सुरुवातीला मागे मागे जायची, आता दारात उभी राहते.

वजन ७९.५, नकली पाय काढून. शुगर तीन महिने झाल्यावर करू. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात असं कळलं, म्हणून त्यातून व्हॉलीबॉलचं नेट आणि दोन बॉल मिळावेत असा अर्ज दिलाय, सरपंच हो म्हणालेत.

तरणतलावावर मागच्या रविवारी पहिल्यांदा गेलो. मी काठावर, वहिनी काठावर. चारचौघांत पाय काढायची वेळ आली तेव्हा खूप वेळ बसून राहिला. मग एका छोट्या मुलाने विचारलं, काका, हा पाय निघतो का? तर म्हणाला हो, बघायचाय का, आणि काढून त्याच्या हातात दिला. तो मुलगा दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि दादा पाण्यात उतरला.

फिजिओ ताई म्हणाल्या तसाच गोल फिरला, दोनदा पाणी गिळलं. पण अर्धा तास बाहेर येईना.

नीरेकाठचे_काका

शाब्बास. वहिनींना माझा नमस्कार सांगा. शुगरचा आकडा आला की इथे टाका, वाट बघतोय.

जास्वंद

जमीन लागतीय हे वाचून मी ऑफिसमध्ये रडले. मला पण अगदी असंच झालं होतं.

सॉकेटवाला

फार बरं वाटलं. आता सहा-आठ आठवड्यांनी परत एकदा दाखवा, चालणं वाढलं की स्टंपचा आकार परत बदलतो. दिवसभरात ढिलं वाटायला लागलं तर एक पातळ मोजा वाढवायचा, एकदम दोन नाही.

ओट्यावरचा

नमस्कार. मी तो दादा. ताईने अकाउंट काढून दिलं.

सगळ्यांचं वाचलं, सगळ्यांचे आभार, मला जास्त लिहिता येत नाही. काका, तुमचं मी दोनदा वाचलं. रोज रात्री चांगल्या पायाचा तळवा बघतो आता.

माजी जवान साहेब, नेट आलंय. समाजमंदिराच्या फरशीवर दोरी मारून मोजली, १० बाय ६ बरोबर बसतं, भिंतीपासून एक बाजू जरा कमी पडते तिथे जुनी गादी लावणार आहोत. एका बाजूला सहा लागतात. आम्ही चौघं आहोत, मी, शेजारच्या गावातला एक पोलिओवाला मित्र, कारखान्यातला एक जण ज्याचा हात गेलाय, आणि माझा पुतण्या, त्याला दोन्ही पाय आहेत पण तो बसून खेळायला तयार आहे. इस्लामपूर, कराड, पलूस भागातलं कोणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी सकाळी सात वाजता. एसटीचा पास असेल तर तिकिटाचा खर्च फार नाही, स्टँडवर आणायला पुतण्या गाडी घेऊन येईल.

एक शंका पण आहे. बसून सरकताना स्टंपचं टोक फरशीला घासतं, त्यावर काय घालायचं? लायनर खराब होईल असं वाटतं.

माजी_जवान_फलटण

लायनर घालू नका, महाग असतो. जुन्या जाड मोज्याची दोन पदरं आणि वरून गुडघ्याची स्पोर्ट्स कॅप उलटी चढवा, टोकाकडे फोम शिवून घ्या, शिंपी करून देतो. खेळून झाल्यावर टोक बघायचं, लाल असेल तर दोन दिवस सुट्टी. रविवारी मी येतो, फलटणहून सकाळची पहिली गाडी पकडून पोचतो, थोडं मागेपुढे झालं तर सुरू करा.